दोन दिवसांचा आराम

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, “ताई, आज बोलायचंही त्राण नाही.” वय चाळिशीच्या आसपास, बैठी नोकरी, घरी दोन मुलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सहा महिने झाले, सकाळी उठतानाच दमलेलं असायचं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्या एका ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हातांनी स्नायू-सांधे मोकळे करणाऱ्याकडे, चार वेळा जाऊन आल्या होत्या.

“तिथून निघाले की दोन दिवस मी हलकी असते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अजून किती वेळा जाऊ, म्हणजे कायमचं बरं वाटेल?”

हा प्रश्न मला नोकरी करणाऱ्या अनेकांनी विचारला आहे. पूर्वी मी सरळ ‘नाद सोडा’ म्हणायचे. आता म्हणत नाही. ज्या बाईला कित्येक महिन्यांत बरं असं वाटलेलंच नाही, तिचे ते दोन दिवस हिसकावून घेण्याचा मला काय हक्क?

पण खोटी आशाही दाखवायची नव्हती. ऑस्टिओपॅथी १८७४ मध्ये अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी मांडली. स्नायू, सांधे हातांनी दाबून, ताणून, हळूहळू हलवून मोकळे करायचे, अशी ही पद्धत. कंबरदुखीत तिचा काहींना उपयोग होतो. थकवा त्याने बरा होतो असं म्हणायला मात्र पुरावा फार तोकडा आहे. हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. अमेरिकेत ऑस्टिओपॅथ हे पूर्ण शिकलेले डॉक्टर असतात, पण इतर बऱ्याच देशांत तसं नसतं. तिथे थकव्याचं कारण शोधायची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येत नाही.

मग मी विचारलं, “त्या तासाभरात काय काय होतं? अगदी बारीकसारीक सांगा.”

त्या आठवू लागल्या. फोन पर्समध्ये, पर्स कोपऱ्यात. खोलीत शांतता. कुठे दुखतंय हे ते विचारतात आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतात. मग मानेवर, खांद्यांवर हात. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. “तिथे माझ्याकडे कुणी काही मागत नाही.”

“एरवी असा वेळ कधी मिळतो?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. “आंघोळीला जाते तेव्हा. तेव्हाही दार वाजतंच.”

माझ्या मते त्या दोन दिवसांचं बरंचसं उत्तर इथे होतं. बरंचसं, सगळं नव्हे. कारण शेवटची रक्ततपासणी कधी केली, असं विचारल्यावर त्यांना आठवेना. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का? “तो तर पहिल्यापासूनच,” त्या सहज म्हणाल्या. हे ‘पहिल्यापासूनच’ ऐकलं की माझ्या मनाला टोचतं. बायका किती काही अंगवळणी पाडून घेतात!

मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन काठावर का होईना, ठीक होतं. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन मात्र खूप खाली. हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही लोह कमी असलं तर थकवा येऊ शकतो, आणि ते नुसत्या हिमोग्लोबिनच्या तपासणीत कळत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, रक्तस्रावाचं कारणही शोधायला घेतलं. दुसऱ्या कुणात कारण थायरॉईड निघतं, साखर, बी-१२, चालू असलेलं एखादं औषध, नाहीतर मनातली उदासी. जोराने घोरणाऱ्यांची तर झोपच रात्रभर तुटत असते. थकव्याबरोबर वजन उतरत असेल, ताप किंवा धाप असेल, तर आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ऑस्टिओपॅथला ते आधी सांगा आणि मानेला झटका देऊ देऊ नका.

लोहाचा साठा भरायला महिने लागतात. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा चेहऱ्यावर जरा तरतरी होती. “त्यांच्याकडे जायचं बंद करू का?” त्यांनी विचारलं.

“मान-खांदे मोकळे करायला जरूर जा. थकव्याचं ओझं त्यांच्या हातांवर टाकू नका.”

घरीही त्यांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास ठरवला होता. दार बंद, फोन बाहेर, नुसतं पडून राहायचं. मुलांना तसं सांगून ठेवलं होतं.

“पहिल्याच दिवशी सातव्या मिनिटाला धाकट्याने दार वाजवलं,” त्या म्हणाल्या. “मी उठले नाही.”