सव्वा लाखाची भांडी, तीन लाखांचा विमा

डोंबिवलीच्या एका वाचक ताईंनी सविस्तर पत्र पाठवलं आहे. त्याचा गोषवारा असा. यजमान ४६ वर्षांचे, खासगी नोकरीत, पगार हातात ७८,०००. ताई घरी शिकवण्या घेतात, त्याचे महिन्याला १४,०००. मुलगा नववीत, ७१ वर्षांच्या सासूबाई सोबत राहतात. गृहकर्जाचा हप्ता २४,५००, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी ठरावीक रक्कम) ८,०००, बाकी सगळा घरखर्च ५२,०००. एफडी १,६०,०००, बचत खात्यात ४०,०००. क्रेडिट कार्डावर ३१,००० थकलेत आणि सध्या दरमहा किमान रक्कम भरली जाते. आरोग्यविमा फक्त यजमानांच्या कंपनीचा, ३ लाखांचा. गेल्या तपासणीत यजमानांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा सांगणारी तपासणी) ७.१ निघालं, म्हणजे मधुमेह. डॉक्टरांनी तेल-मीठ आवरायला सांगितलं. त्यानंतर पंधरवड्यातच सोसायटीच्या हॉलमध्ये ‘बिनपाण्याच्या, बिनतेलाच्या’ स्वयंपाकाचा डेमो झाला. सर्जिकल स्टीलचा सेट, किंमत १,१८,०००. बारा हप्ते, व्याज शून्य. एकरकमी घेतलात तर १,०६,०००. ताईंनी ५,००० भरून बुकिंग केलंय आणि विचारतात: वर्षभर एसआयपी थांबवून हा सेट घ्यावा का? तब्येतीपुढे पैसा काय, असं यजमानांचं मत आहे.

ताई, माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. आणि ते मी यजमानांच्या तब्येतीसाठीच देते आहे.

आधी हप्त्याचं बघू. १,१८,००० भागिले बारा, म्हणजे महिन्याला ९,८३३. तुमच्याच आकड्यांनुसार ९२,००० येतात आणि ८४,५०० जातात. हातात उरतात ७,५००. म्हणजे एसआयपी चालू ठेवली तर हप्ता बसतच नाही, दरमहा २,३०० कमी पडतात आणि ते कार्डावर चढणार. एसआयपी थांबवली तर हप्ता बसतो, पण वर्षाचे ९६,००० गुंतवायचे राहतात. यजमानांच्या निवृत्तीला चौदा वर्षं आहेत. वर्षाला १० टक्के परतावा धरला (हमी कुणीच देत नाही, हिशेबापुरता धरू) तर त्या ९६,००० चे साठीला साडेतीन लाखांच्या आसपास होतात. सेटची खरी किंमत धरायची तर ही धरा.

शून्य व्याजाचं म्हणाल, तर विक्रेत्यानेच तुम्हाला उत्तर देऊन ठेवलंय. रोखीने १,०६,००० आणि हप्त्याने १,१८,००० असेल, तर मधले १२,००० हे व्याजच झालं. बारा महिन्यांत फेडायच्या रकमेवर ते वर्षाला २० टक्क्यांच्या घरात जातं, प्रोसेसिंग फी वेगळी. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकारच अस्तित्वात नसतो, व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. आणखी एक: तुम्ही पाठवलेल्या कोटेशनवर जीएसटी १२ टक्के लावलाय. स्टीलच्या भांड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. एवढा महाग माल विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

‘तेल आणि गॅसच्या बचतीतून दोन वर्षांत पैसे वसूल’ असं डेमोत सांगितलं म्हणता. मांडून बघू. तुमच्याकडे महिन्याला पाच लिटर तेल लागतं. ते साडेतीनवर आलं तर दीड लिटर वाचलं, १७० रुपये लिटरने २५५ रुपये. महिनाभर जाणारा सिलिंडर चाळीस दिवस गेला, असं उदारपणे धरलं तरी महिन्याला सव्वादोनशे. दोन्ही मिळून ४८० रुपये, वर्षाचे पावणेसहा हजार. १,१८,००० वसूल व्हायला वीस वर्षं लागतील. तेही ही सगळी बचत भांड्यांमुळेच झाली, असं मानलं तर.

ती भांड्यांमुळे होत नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा कणा इथेच आहे, म्हणून जरा थांबते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत २,००० कॅलरींच्या ताटात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. म्हणजे साधारण ३० मिली. चार माणसं, तीस दिवस: ३.६ लिटर. तुमचं पाच लिटर माणशी ४२ मिलीच्या आसपास जातं आणि बाहेरून येणारं फरसाण, वडापाव त्यात नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत, असंही तिथेच सांगितलंय. आता फोडणी कशी पडते ते आठवा. बुधली तिरकी केली की धार पडते आणि ती किती पडली हे कुणी मोजत नाही. पाच मिलीचा मापाचा चमचा दहा-वीस रुपयांना मिळतो. महिन्याच्या एक तारखेला साडेतीन लिटर तेल वेगळं काढा, बाकीची पिशवी डोळ्यांआड ठेवा आणि फोडणी चमच्याने घाला. यजमानांना नेमकं किती तेल-मीठ चालेल ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील, मी माप आणि हिशेबापुरतं बोलते आहे.

‘बिनपाण्याचा स्वयंपाक’ तर आपल्या घरात नवा नाहीच. जाड बुडाच्या पातेल्यात कोबी किंवा दुधी टाकायचा, आच बारीक करायची, वर ताट ठेवून त्यात पाणी ओतायचं. ताटाला आतून वाफ धरते, थेंब परत भाजीत पडतात, भाजी आपल्याच पाण्यात शिजते आणि खाली लागत नाही. सासूबाईंना विचारा, त्यांना डेमोची गरज पडणार नाही.

डेमोतला सोड्याचा प्रयोगही तुम्ही लिहिलाय: तुमच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून पाणी उकळलं, चाखायला दिलं, ते कडवट लागलं. लागणारच. खायचा सोडा उकळला की पाणी आणखी अल्कधर्मी होतं आणि अशा पाण्याचा ॲल्युमिनियमवर परिणाम होतो. आमटी कुणी सोड्याच्या पाण्यात उकळत नाही. ‘सर्जिकल स्टील’ हे विक्रीचं नाव आहे, दर्जा कळतो तो क्रमांकावरून. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्यावर थोडं मॉलिब्डेनम, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते जास्त टिकतं. वरण-भाजीला ३०४ पुरून उरतं. स्टीलच्या भांड्यावर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस १४७५६ हा क्रमांक शोधा, तेवढं पुरे.

तरीही भांडी बदलायला हवीत, हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खपल्या निघालेली नॉनस्टिक कढई काढून टाका, त्यात दुमत नाही. नॉनस्टिक रिकामं ठेवून मोठ्या आचेवर तापवायचं नसतं. पोषण संस्थेने तर १७० अंशांच्या वरच धोका सांगितलाय आणि आपल्या फोडणीची सुरुवातच रिकामी कढई कडकडीत तापवून होते. त्या जागी एक लोखंडी कढई घ्या, सहाशे-सातशे रुपयांची. पालेभाज्या, पिठलं, परतलेली भेंडी हे सगळं त्यात करा. अन्नात थोडं लोह उतरतं ते चांगलंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. मात्र चिंच-कोकमाची आमटी, कढी, टोमॅटोचं सार त्यात नको, आणि झालेली भाजी कढईत ठेवून देऊ नका, लगेच काढा. एक बिडाचा तवा, हजार-बाराशेचा. पहिले काही दिवस तो तुम्हाला छळेल, डोसा सोडणार नाही. तेलाचा हात लावून तापवत राहा, साबणाने घासू नका. एकदा मुरला की घावन, थालीपीठ, धिरडं अर्ध्या चमच्या तेलात सुटतं. तिसरं, आंबट पदार्थांसाठी आणि वाफेच्या भाज्यांसाठी झाकणाचं एक ट्रायप्लाय पातेलं किंवा कढई, अडीच-तीन हजारांची. दोन्हीकडे स्टील, मध्ये ॲल्युमिनियमचा थर, त्यामुळे आच सगळीकडे सारखी लागते. चौथा, पाचशे रुपयांचा वजनकाटा. मधुमेहात भात किती घेतला हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा काट्यावर बघितलेलं बरं. झालं सगळं साडेपाच हजारांत.

कुकर मात्र बदलू नका. ‘ॲल्युमिनियमचा आहे म्हणून भीती वाटते’ असं लिहिलंत, पण तुम्ही वरण-भात कुकरच्या भांड्यांत लावता. ती स्टीलची आहेत. अन्नाचा कुकरशी संबंधच येत नाही, तळाला फक्त पाणी असतं. रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचे अस्सल आणून बदला, दोन-तीनशे रुपयांत काम होईल. बूड फुगलं असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तरच नवा, आणि तो आयएसआयचा.

माळ्यावर सासूबाईंची पितळी पातेली पडून आहेत, असा ओझरता उल्लेख केलात. ती खाली काढा. कल्हईवाला शोधावा लागेल, पण कल्हई करून घेतली की ती वापरात येतात. शिवाय पितळेला मोडीत तरी भाव येतो. सव्वा लाखाच्या स्टीलला कोण काय देणार?

आता तब्येतीपुढे पैसा काय, या यजमानांच्या वाक्याकडे येते. वाक्य खरं आहे. म्हणूनच मला तुमच्या पत्रात भांड्यांपेक्षा विम्याची ओळ जास्त खटकली. छेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघालेल्या माणसाकडे फक्त ३ लाखांचं संरक्षण आहे, आणि तेही नोकरी आहे तोवर. अँजिओप्लास्टीचं मोठ्या खासगी रुग्णालयातलं एक बिल ते संपवू शकतं.

तुम्ही दोघं आणि मुलगा यांची १० लाखांची स्वतंत्र फॅमिली फ्लोटर पॉलिसी (तिघांत मिळून एकच विमा रक्कम) घ्या. मधुमेहामुळे हप्ता थोडा चढा लागेल. वर्षाला तीस-चाळीस हजार धरून चाला, दोन-तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवा. वैयक्तिक आरोग्यविम्यावर आता जीएसटी शून्य आहे. एवढंही जमत नसेल तर निदान ३ लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप (वर्षाचा खर्च ३ लाखांपुढे गेला की पुढचा भार उचलणारा विमा) घ्या, तो बराच स्वस्त पडतो. फक्त नोकरी गेली तर पहिले ३ लाख खिशातून, हे लक्षात ठेवा. प्रपोजल फॉर्मवर मधुमेह स्पष्ट लिहा. एजंट ‘आत्ता नको, गोळ्या तर आत्ताच सुरू झाल्यात’ म्हणाला तर एजंट बदला. नियमाप्रमाणे आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ (त्या काळात त्या आजाराचा खर्च विमा देत नाही) आता जास्तीत जास्त ३६ महिने असतो, आणि ते घड्याळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून चालू होतं. भांड्यांचे हप्ते फिटेपर्यंत वर्षभर थांबलात, तर ते वर्ष फुकट गेलं. सासूबाईंसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. आधार कार्ड लागतं, पैसे लागत नाहीत.

कार्डाचे ३१,००० एफडी मोडून या आठवड्यात भरून टाका. एफडी सात टक्के देत असेल, कार्ड महिन्याला साडेतीन टक्के घेतं. नुसतं व्याज हजाराच्या वर जातंय. त्यानंतर तुमच्याकडे १,६९,००० राहतात, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा खर्च. निदान चार महिन्यांचा हवा. विम्याचे तीन हजार महिन्याला बाजूला काढले की उरलेले साडेचार हजार आणि कार्डाचे वाचलेले पैसे त्यात टाकत चला. एसआयपीला हात लावू नका. भांड्यांचे साडेपाच हजार एका महिन्यात काढायची गरज नाही, कढई आणि चमचा या महिन्यात, तवा पुढच्या.

एअर फ्रायरचं विचारलंत. आठवड्याला दोनदा तळण होत असेल तर घ्या. सणावारी चार वेळा कोथिंबीर वडी तळत असाल तर ओट्यावर जागा अडवेल.

राहिले बुकिंगचे ५,०००. फोनवर वाद घालू नका, ईमेल करा: ऑर्डर रद्द, पैसे परत करा. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार माल परत घेण्याच्या आणि परताव्याच्या अटी ग्राहकाला आधी सांगणं बंधनकारक आहे. तुमच्या पावतीवर तशी एकही ओळ नाही, हे ईमेलमध्ये लिहा आणि पावतीचा फोटो जोडा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि हप्त्यांसाठी फायनान्स कंपनीच्या फॉर्मवर सही झाली असेल, तर कर्ज मंजूर होण्याआधी त्यांनाही वेगळं लेखी कळवा. विक्रेता ऑर्डर रद्द करतो आणि हप्ता मात्र खात्यातून कापला जातो, असे प्रकार माझ्याकडे वरचेवर येतात.