सकाळी काही ठरवायचं नाही

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं वेळापत्रक वाचलं. ४:३० ला उठणं, प्राणायाम, टेकडी, डायरी, जर्मन, नाश्ता, डबा आणि ८:१० ची कंपनीची बस. तिसऱ्याच दिवशी मोडलं, म्हणून आता ‘माझ्यात शिस्तच नाही’ असं लिहितेस. शिस्तीचं नंतर बघू, आधी बेरीज कर. वेताळ टेकडीवर जाऊन यायला तुझ्या घरून दीड तास लागतो. तो तू अर्ध्या तासात कोंबला आहेस. मोडेल नाही तर काय होईल?

जर्मनची बी वन पातळीची परीक्षा द्यायची आहे ना? मग सकाळ जर्मनची. टेकडी शनिवार-रविवारी. डायरी रात्री लिही किंवा सोडून दे, तिच्यावाचून कुणाचं अडत नाही.

आणि एवढं एक पक्कं धर: सकाळी काहीही ठरवायचं नाही. उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, डोकं धड चालत नाही. अशा डोक्याला ‘आज वाचू की ऐकू?’ असं विचारलंस तर ते म्हणणार, ‘दहा मिनिटं पड अजून.’ ठरवायचं ते रात्री. सकाळी फक्त करायचं.

बसपासून उलटं मोज. ८:१० ला कर्वे पुतळ्यापाशी बस, म्हणजे ७:५५ ला घराबाहेर. त्याआधी नाश्ता, अंघोळ आणि डबा मिळून सत्तर मिनिटं. त्याआधी ४५ मिनिटं जर्मन, त्याआधी तोंड धुणं आणि चहा. ५:४५ ला उठलीस तर सगळं बसतं. सात तास झोप हवी, म्हणून १०:३० ला अंथरुणात. चारला उठण्याचं कौतुक मला सांगू नकोस. हिंजवडीहून साडेआठला घरी पोचणाऱ्या मुलीने ४:३० ला उठायचं म्हणजे झोपेतून सव्वा तास चोरायचा. ऑफिसात साडेपाचला कॉफी घेतेस ना, तीही बंद. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेदहाला निम्मी कॉफी अजून अंगात असते.

गजराला साधं घड्याळ आण. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. फोनचा गजर बंद करायला गेलेला हात व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि वीस मिनिटं गेलेली कळतही नाहीत. उठल्याबरोबर गॅलरीत जा, उजेड डोळ्यांवर पडू दे. जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा ट्यूबलाइट लावून बस. अंधारात चहाचा कप घेऊन बसलीस की पुन्हा पांघरुणात जाशील.

जर्मनची ४५ मिनिटं कशी घालवायची हेही सकाळी ठरवायचं नाही. रविवारी संध्याकाळी कागदावर वार लिही. परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात ६०% लागतात. एकात भरपूर मिळवून दुसऱ्याची भरपाई होत नाही. तुझं लेखन कच्चं आहे, म्हणून सोमवार-मंगळवार लेखन. तिथे साठ मिनिटांत तीन मजकूर लिहायचे असतात, दोन ८० शब्दांचे, एक ४० चा. घड्याळ लावून रोज एकच लिही: पाच मिनिटं मुद्दे, वीस मिनिटं मजकूर, दहा मिनिटं क्रियापदांच्या जागा आणि विभक्ती तपासायला. उरलेल्या दहात दहा शब्द, आर्टिकल आणि अनेकवचनासकट. नुसता शब्द पाठ केलास तर लिहिताना ‘डेर’ की ‘दास’, म्हणजे शब्दाचं लिंग कुठलं, यावर अडशील. बुधवार-गुरुवार श्रवण, चारांपैकी दोन भाग एकदाच ऐकवतात, तेव्हा सरावातही मागे जायचं नाही. शुक्रवारी वाचन. संभाषणाला समोर माणूस लागतो, ते शनिवारी मैत्रिणीबरोबर.

रात्री झोपण्याआधी पुस्तक त्या पानावर उघडं, वही, पेन, हेडफोन टेबलावर. श्रवणाचा ऑडिओ आधीच डाउनलोड केलेला आणि फोन फ्लाइट मोडवर. ‘सकाळी शोधीन’ म्हटलंस की संपलं. शोधणं हेही ठरवणंच.

डब्याचंही तेच. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये. भेंडी संध्याकाळीच धुऊन, फडक्याने एकेक कोरडी पुसून ठेव. ओली चिरलीस की तार सुटते आणि मग परतत बसशील. मटकी शनिवारी रात्री भिजव, रविवारी सकाळी फडक्यात बांध, रात्री मोड आले की फ्रिजमध्ये; दोन-तीन दिवसांच्या उसळीची सोय झाली. नाश्त्याला रवा एकदाच भाजून डब्यात भरून ठेव. वाटीभर रव्याला अडीच वाट्या पाणी, दहा मिनिटांत उपमा. पोहे रविवारी कर. भिजवून विसरलीस तर गोळा, आणि तुझं लक्ष घड्याळाकडे असणार.

६:४५ ला पुस्तक मिटताना गीझर लाव. पंधरा लिटरचा आहे, तापायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. तेवढ्यात तीन पोळ्या आणि भाजी होते. तुझ्यानंतर रूम-पार्टनरला पुन्हा तेवढंच थांबावं लागेल, म्हणून तिघींच्या अंघोळीच्या वेळा फ्रिजवर चिकटवा. बाथरूमच्या दारात वाद घालणं म्हणजे सकाळी ठरवणंच. गुरुवारी पाणी बंद असेल तर बुधवारी रात्री बादल्या भरून ठेव.

आता रात्री उशिरा क्लायंटचा कॉल असतो त्या दिवसांचं. ‘जमेल तसं बघू’ चालणार नाही. नियम आत्ताच कर: अकरानंतर कॉल संपला तर दुसऱ्या दिवशी ६:४५ ला उठायचं, डबा नाही, कँटीन, जर्मन म्हणजे बसमध्ये २५ मिनिटं श्रवण. तो दिवस बुडाला असं धरायचं नाही. रविवारीही सातच्या पुढे झोपू नकोस. दहाला उठलीस की रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवार हातचा जातो.

हे सगळं यंत्रासारखं आहे असं म्हणशील. घरात मला हेच ऐकवतात, आणि मी ऐकून घेते. लहर, मूड, उत्स्फूर्तता हे सगळं संध्याकाळी कर ना, कोण अडवतंय! सकाळी सहाला लहरीवर चालणारी माणसं नऊला बसमध्ये रील बघताना दिसतात. तुला म्युनिकला शिकायला जायचंय की नाही?

रविवारी वारांचा कागद लिहून झाला की फोटो पाठव. तुझ्या आईला मी सांगते, ६ ते ६:४५ तुला फोन करायचा नाही. ती ऐकणार नाही. तू उचलू नकोस.

तुझी,
मावशी