मुंबईत जर्मनची शिक्षिका व्हायचंय. बी१ नंतर आधी बी.एड. करावं की पुढची पातळी?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, जर्मनची बी१ परीक्षा (ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या सहा पातळ्यांतली तिसरी) पास आहात, डोंबिवलीला राहता आणि आता शिकवायचं मनात आहे. मी मुंबईत बरीच वर्षं जर्मन शिकवते. माझं मत स्पष्ट आहे: आधी भाषा वाढवा, तिच्या जोडीनं आजपासूनच शिकवण्याचा सराव करा. बी.एड. नंतर बघता येईल.

बी१च्या बळावर ए१चे वर्ग घेणारे लोक आहेत, काही क्लासवाले त्यांना कामही देतात. तुम्ही तसं करू नका. अगदी नवखा विद्यार्थीसुद्धा 'असं का?' म्हणून जे विचारतो, त्याचं उत्तर पुष्कळदा तुम्ही अजून न शिकलेल्या धड्यात असतं. शिवाय पहिल्या दोन महिन्यांत कानावर पडलेला उच्चार आणि तोंडात बसलेली वाक्यं पुढे बदलणं फार जड जातं. निदान बी२ हातात असू द्या आणि सी१चा अभ्यास चालू ठेवा.

पण नुसतं सी१ झालं म्हणून शिकवता येत नाही. आपला विद्यार्थी कुठे अडखळणार हे वर्गात जाण्याआधी ओळखता येणं, ही मला या कामातली खरी तयारी वाटते. मराठी मुलांना शिकवताना तुमची मराठी इथे फार उपयोगी पडते. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत आणि नामाआधी येणाऱ्या आर्टिकलवरून ती कळतात: डेअर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, दास नपुंसकलिंगी. मराठीतही तीनच, त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं आपल्या मुलांना नवल वाटत नाही. अडचण येते ती लिंगं जुळत नाहीत म्हणून: आपली खुर्ची स्त्रीलिंगी, त्यांची पुल्लिंगी. म्हणून पहिल्या दिवसापासून नाम एकटं शिकवायचं नाही, आर्टिकलसकटच फळ्यावर लिहायचं.

याहून महत्त्वाची जागा विभक्तीची. 'मी शाळेत जाते' आणि 'मी शाळेत आहे', दोन्हीकडे आपण 'शाळेत'च म्हणतो. जर्मनमध्ये जाताना 'इन डी शूलं' आणि असताना 'इन डेअर शूलं' (शाळा स्त्रीलिंगीच, इथला डेअर म्हणजे डीचं विभक्तीनं बदललेलं रूप). हा फरक मराठी कानाला ऐकूच येत नाही, म्हणून तक्ता पाठ करूनही मुलं बोलताना चुकतात. मी हा धडा तक्त्यानं सुरू करत नाही. एक मुलगी दारातून वर्गात येते, दुसरी बाकावर बसलेली असते, आणि बाकीचे दोघींबद्दल बोलतात. नियम शेवटी त्यांच्याच तोंडून येतो. उलट जर्मनमध्ये 'कारण'सारख्या जोडवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तिथे मराठी मुलं पटकन रुळतात. त्यांची पंचाईत होते ती साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी ठेवताना, कारण तिथे इंग्रजीची सवय आड येते. अशी एक वही आत्तापासून ठेवा: कोणती चूक झाली आणि ती कुठून आली. तुम्ही स्वतः बी१पर्यंत केलेल्या चुका अजून ताज्या असतील, त्यांच्यापासूनच सुरुवात करा.

सरावाला विद्यार्थी कुठून आणायचे? शेजारपाजारची, नात्यातली दोन-तीन मुलं पुरतात. तासाआधी कागदावर एकच वाक्य लिहा: हा तास संपल्यावर यांना काय बोलता आलं पाहिजे? 'वर्तमानकाळ' हे त्याचं उत्तर नाही. 'डॉक्टरची वेळ ठरवता आली पाहिजे' हे आहे. तास मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि लोकलमध्ये ऐका. कोण जास्त बोललं, तुम्ही की मुलं, ते लगेच कळतं. तुमच्या जुन्या शिक्षकांना विचारून त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसता आलं तर नक्की बसा, पण या वेळी भाषेकडे नको, शिक्षकाकडे लक्ष द्या.

शिकायला कोण येतं तेही समजून घ्या. जोडीदाराकडे जर्मनीला जाणाऱ्यांना व्हिसासाठी साधारणपणे ए१ लागतं. नर्सना तिथे मान्यता मिळवायला बी२पर्यंत जावं लागतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांबाबत करार केला, तेव्हापासून नोकरीसाठी जर्मन शिकण्याबद्दल विचारणाही जास्त होते. ही माणसं पगारातून फी भरतात, कामाची पाळी संपवून थकून येतात. त्यांच्यासमोर तयारी न करता उभं राहणं मला तरी पटत नाही.

आता संस्था. काळा घोड्याजवळच्या गोएथे-इन्स्टिट्यूट, म्हणजे मॅक्स म्युलर भवनात पुढच्या पातळ्या, परीक्षा आणि ग्रंथालय आहे. सीएसएमटीवरून चालत जाता येतं. शिक्षकांसाठी त्यांचा 'डॉइच लेरेन लेर्नेन' (जर्मन शिकवायला शिकणं) हा अभ्यासक्रम आहे. त्यात आपल्याच वर्गाबद्दल एक छोटा प्रश्न घेऊन प्रत्यक्ष करून पाहावं लागतं, ते मला फार मोलाचं वाटतं. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कलिन्याला आहे, तुम्हाला कुर्ल्याला उतरून बस मिळेल. एम.ए.च्या प्रवेशाच्या अटी तिथे जाऊन विचारा. कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए.ला निदान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि जर्मन विषयात नेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), हा सरळ मार्ग. आयबी आणि केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळांत फ्रेंचची मागणी जर्मनपेक्षा जास्त आहे, आणि तिथे बी.एड. विचारतात. खासगी क्लासमध्ये सुरुवातीला तासावर पैसे मिळतात, तेही संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. म्हणून पहिली एक-दोन वर्षं हातातली नोकरी सोडू नका.

जर्मनची पदवी किंवा बी२ हातात नसताना केलेलं बी.एड. तुम्हाला जर्मनच्या वर्गापर्यंत नेणार नाही. यंदा तो फॉर्म राहू द्या, बी२च्या परीक्षेची तारीख ठरवा आणि या शनिवारी दोन मुलांना घेऊन पहिला तास करा. काय झालं ते इथेच लिहिलंत तर मी नक्की वाचेन.