शेवट नेमका कोणता?

प्रश्न : डॉन सीगल यांचा ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ हा १९५६ सालचा चित्रपट नुकताच पाहिला. चित्रपटभर वाढत गेलेली धास्ती अखेरच्या एका दूरध्वनीने अचानक निवळते, हे खटकले. शिवाय ही कथा म्हणजे साम्यवादविरोधी प्रचार होता, असे म्हणतात ते खरे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला खटकलेला शेवट मुळात ठरलेला नव्हताच. सीगल यांच्या मनातल्या चित्रपटात नायक डॉ. माइल्स बेनेल रात्रीच्या महामार्गावर गाड्या अडवू पाहतो, कोणी थांबत नाही, आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहत ‘आता तुमची पाळी!’ असे ओरडतो. चित्रपट तिथेच संपायचा होता. हे फार निराशाजनक वाटल्याने ‘अलाइड आर्टिस्ट्स’ कंपनीने आरंभी आणि अखेरीस रुग्णालयातील प्रसंग जोडायला लावले. दिग्दर्शकाला ही जोड पसंत नव्हती, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर होते.

१९५३ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळावरची यंत्रे लॉस एंजेलिस उद्ध्वस्त करतात, इथे मात्र एकही यान दिसत नाही. अवकाशातून भरकटत आलेली बीजे शेतात रुजतात, त्यांच्या प्रचंड शेंगांतून झोपलेल्या माणसाची हुबेहूब प्रतिकृती तयार होते, आणि सकाळी उठतो तो दुसराच कोणी असतो. अंगणातले गवत कापणाऱ्या काकांचा आवाज तोच, आठवणी त्याच, तरी ‘हे माझे काका नव्हेत’ असे पुतणी सांगते, कारण त्यांच्या नजरेतली माया गेलेली असते. असा शत्रू एका दूरध्वनीने आवरेल, हे मनाला पटत नाही.

राजकीय अर्थाबद्दल म्हणाल, तर काहींना त्यात साम्यवादाची भीती दिसली, तर काहींना साम्यवाद्यांना हुडकून काढण्याची मोहीम चालवणारे अमेरिकी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या काळातली, सर्वांनी एकसारखेच बोलावे अशी सक्ती. चौकात ट्रकमधून शेंगा उतरतात आणि माणसे त्या शेजारच्या गावांतील नातलगांसाठी निमूटपणे घेऊन जातात, तो प्रसंग दोन्ही अर्थांना पुरून उरतो; त्यामुळे त्याला निव्वळ प्रचार म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पुन्हा पाहाल तेव्हा रुग्णालयातला आरंभ वगळून, माइल्स रेल्वे स्थानकावर उतरतो तिथून सुरुवात करावी आणि महामार्गावरच्या त्या आरोळीपाशी थांबावे.