"पिशवी काढून टाका म्हणतात, काढू का?"

प्रश्न : वय 46, इचलकरंजी. वर्षभर पाळीचं गणितच बिघडलंय, कधी दोन महिने येत नाही आणि आली की आठ-दहा दिवस थांबत नाही, गाठी पडतात, शिलाई मशीनवर बसलं की तासाला उठावं लागतं. सासूबाई म्हणतात जाताना असंच असतं. डॉक्टर म्हणाले सोनोग्राफीत बारीक गाठ दिसतेय, मुलं झालीत, पिशवी काढून टाका नाहीतर पुढे कॅन्सर होईल. जाऊबाईंनी काढली, त्या म्हणतात सुटले एकदाची. काढू का?

उत्तर : ताई, एवढ्यावर लगेच होकार देऊ नका. पण सासूबाईंचं ऐकून अंगावरही काढू नका. पाळी पुढेमागे होणं या वयात चालतं, तासाला पॅड बदलायला लागणं चालत नाही.

आधी हे का होतंय ते सांगते. चाळिशीनंतर दर महिन्याला बीज सुटेलच असं नसतं, आणि बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र पिशवीच्या आतलं अस्तर वाढवतच राहतं, मग दोन महिन्यांचं साचलेलं अस्तर एकदम सुटायला लागतं आणि थांबता थांबत नाही. म्हणजे दरवेळी पिशवीच "खराब" झालेली असते असं नाही. फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूत वाढणारी, बारीक गाठ तर कितीतरी बायकांना असते, त्यातून कॅन्सर होणं अगदी क्वचित, आणि पाळी गेल्यावर ती बहुतेक वेळा आकसते.

आता काम असं करा. रिपोर्ट घेऊन सरकारी हॉस्पिटलच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सरळ विचारा, गाठ किती सेंटिमीटरची, नेमकी कुठे, अस्तर किती जाड, आणि अस्तराचा तुकडा तपासायचा का? पंचेचाळिशीनंतर असं अनियमित आणि जास्त जात असेल तर ही तपासणी करून घ्यावीच, कॅन्सरची भीती घालण्यापेक्षा ते बरं. हिमोग्लोबिन, थायरॉइडही बघा. तपासण्यांत काळजीचं काही नसेल तर पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, हार्मोनवाली तांबी असते, ती एकदा बसवली की काही वर्षं बघायला नको आणि पुष्कळ जणींचं ऑपरेशन तिथेच टळतं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहावर मुळीच नको.

एवढं करूनही थांबलं नाही किंवा तपासणीत काही निघालं तर काढावी लागते, मग घाबरू नका. फक्त ऑपरेशनआधी एक विचारा, बीजकोश ठेवणार की तेही काढणार? कारण नसताना तेही गेले तर मेनोपॉज एका दिवसात अंगावर येतो, हाडं आणि हृदयावर परिणाम होतो, आणि हे सांगायचं पुष्कळदा राहूनच जातं. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण विधिमंडळात गाजलं ते आठवत असेल, तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या, एक दिवस खाडा झाला की दंड, फडात ना संडास ना पाणी, त्यात कॅन्सरची भीती घातलेली. त्या बायकांना दुसरं मत घ्यायला वाव नव्हता, तुम्हाला आहे, तो घ्या.

प्रश्न : वय 50, ठाणे, बँकेत नोकरी. पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं. कॅश काउंटरवर बसल्या बसल्या कानशिलं तापतात, घामाने ब्लाऊज भिजतो, समोरचा कस्टमर विचारतो मॅडम बरं वाटत नाही का. रात्री तीनला जाग येते ती येतेच. डॉक्टरांनी हार्मोन सुचवलेत पण ब्रेस्ट कॅन्सर होतो म्हणतात ना?

उत्तर : ही भीती मुख्यतः 2002 मधल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आली. त्यात भाग घेतलेल्या बायकांचं सरासरी वय होतं 63, म्हणजे पाळी जाऊन बऱ्याच जणींना दहाच्या वर वर्षं झालेली. दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत ब्रेस्ट कॅन्सर वाढला हे खरंय, वर्षाला दर 10,000 बायकांमागे साधारण 8 जास्त. बातम्या मात्र अशा आल्या की डॉक्टरही हार्मोन लिहायला कचरायला लागले. आता साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, एरवी तब्येत ठीक असलेल्या आणि वाफांनी बेजार झालेल्या बाईला फायदा जास्त असं मानतात.

तुम्ही त्यात बसता, फक्त स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताची गुठळी, हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा लिव्हरचा मोठा आजार झालेला नसावा. बीपी आणि मॅमोग्राफी आधी. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच. जेल किंवा पॅच मिळाला तर विचारा, त्याने गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. हार्मोन नकोच असतील तर बिनहार्मोनच्या गोळ्याही आहेत, तेही डॉक्टरांशी बोला. मैत्रिणीच्या पुड्या, चूर्णं यांच्या भरवशावर मात्र मी राहणार नाही.

प्रश्न : वय 42, पुणे. पाळी नियमित आहे. आधीपासून काय तयारी करू?

उत्तर : आईची पाळी कधी गेली ते विचारा, तुमचीही साधारण तेव्हाच जायची शक्यता असते, आपल्याकडे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीस. सगळ्यात मोठं काम हाडांचं. नुसतं चालणं पुरत नाही, वजन उचलायचा व्यायाम आत्ताच लावा. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पाळी गेल्यावर रोजचं लागतं 1200, तेव्हा नाचणीची भाकरी, तीळ, दूध-दही हे सगळंच पानात हवं. पाळीच्या तारखा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. आणि पाळी लांबायला लागली म्हणून गर्भनिरोधक सोडू नका हं, पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यायचीच, "आता कुठलं काय" म्हणत दवाखान्यात आलेल्या बायका मी पाहिल्यात.

प्रश्न : आई 58 ची, गावी असते. पाळी जाऊन सहा वर्षं झाली, परवा दोनदा लाल डाग दिसला. ती हसतेय, म्हणते तरुण झाले परत. थांबून बघू का?

उत्तर : नको. पूर्ण एक वर्ष पाळी बंद राहिली की त्यानंतर आलेलं रक्त ही पाळी नसतेच, मग एकच थेंब असू दे. बहुतेक वेळा आतली त्वचा कोरडी-पातळ झाल्याने होतं, पण पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूणही हीच असते आणि तो लवकर सापडला तर चांगला बरा होतो. याच आठवड्यात घेऊन जा, सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराची तपासणी करा. बीपी-शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याची चिठ्ठी बरोबर न्या.