वडिलांच्या रिपोर्टमध्ये कॅलआर म्युटेशन आलंय. म्हणजे किती वर्षं?

तुम्ही लिहिलंय: वडील 58 वर्षांचे, प्रायमरी मायलोफायब्रोसिस (अस्थिमज्जेत तंतू माजवणारा रक्ताचा कॅन्सर), जॅक-टू निगेटिव्ह, कॅलआर पॉझिटिव्ह, म्हणजे जॅक-टू जनुकात बदल नाही, कॅलआर जनुकात आहे. गूगलवर 'सरासरी सहा वर्षं' वाचून घरात कुणाला झोप नाही, आणि आता आम्हा भावंडांनाही होईल का?

आधी भावंडांचं. हा बदल वडिलांना जन्मतः मिळालेला नाही. त्यांच्या अस्थिमज्जेतल्या एका मूळ पेशीत तो आयुष्यात कधीतरी झाला, म्हणून तो तुमच्यात उतरलेला नाही. ठणठणीत असाल तर तपासणीवर पैसे घालवू नका.

आता वर्षांचं. मी डॉक्टर नाही, याच आजाराची नऊ वर्षांची पेशंट आहे. माझ्या बोन मॅरोच्या वेळी सुईत काही येईचना. डॉक्टरांनी दोनदा ओढून पाहिलं आणि पुटपुटले, "ड्राय टॅप." मज्जेत तंतूंचं जाळं विणलं गेल्यावर रस येणार कुठून? शेवटी हाडाचा आगपेटीच्या काडीएवढा तुकडा काढला. त्याच आठवड्यात मीही तो सहाचा आकडा वाचला आणि एफडीच्या पावत्या काढून बसले.

तो आकडा सगळ्यांना एकाच पोत्यात भरून काढलेला असतो. या आजारातला कॅलआरचा बदल तर सापडलाच 2013 च्या अखेरीस. पुढच्याच वर्षी 617 रुग्णांचा एक अभ्यास आला. त्यात कॅलआरवाल्यांचा मध्यक 17.7 वर्षं निघाला, जॅक-टूवाल्यांचा 9.2, एमपीएल या तिसऱ्या जनुकात बदल असलेल्यांचा 9.1 आणि तिन्ही निगेटिव्ह असलेल्यांचा 3.2. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले. वडिलांची मुदत नव्हे ती.

पण कॅलआर आलं म्हणून लगेच पेढेही वाटू नका. रिपोर्टमध्ये 'टाइप 1' आहे की 'टाइप 2' ते बघा. पहिल्यात जनुकाची 52 अक्षरं गळालेली असतात, दुसऱ्यात 5 जादा घुसलेली. वरचा चांगला आकडा मुख्यतः पहिल्याचा. मग एएसएक्सएल-वन, एसआरएसएफ-टू, ईझेडएच-टू, आयडीएच या जनुकांतही बदल आहे का ते विचारा. आम्हाला आधी फक्त तीन जनुकांची तपासणी करून दिली होती, ही नावं दुसऱ्या डॉक्टरांकडे कळली. कॅलआर असूनही एएसएक्सएल-वन सोबत असेल तर चित्र बदलतं. हिमोग्लोबिन दहाच्या खाली आहे का, रक्तात ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी दिसतात का, रात्री घाम येतो का, हे सगळं हिशेबात धरतात. सत्तरीपर्यंतच्या पेशंटसाठी 2018 पासून 'मिप्स-सेव्हन्टी' नावाचा स्कोअर आहे. हा आजार मुळातून काढणारा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या मूळ पेशींचं ट्रान्सप्लांट हाच, आणि तो जोखमीचा. 58 व्या वर्षी तो करायचा की थांबायचं, हे ठरवायला हा स्कोअर कामाला येतो. वर्षं मोजायला नाही.

आणखी एक गैरसमज: जॅक-टू निगेटिव्ह म्हणजे रुक्सोलिटिनिब हे जॅक रोखणारं औषध चालणार नाही, असं आम्हालाही कुणीतरी सांगितलं होतं. कॅलआरवाल्यांचीही प्लीहा त्याने उतरते. माझी बेंबीच्या खाली आली होती. अर्ध्या भाकरीत पोट भरायचं, सलवारीची नाडी सैल सोडून बसायचे. डॉक्टर बॉलपेनने पोटावर रेघ मारून टेपने मोजायचे. परवाच्या खेपेला रेघ बरगडीखाली चार बोटांवर होती.