नागिणीची तोंडं जुळली तर?

यजमानांच्या अंगावरची नागीण काकू रोज सकाळी बोटांनी मोजत होत्या. पुढचं टोक छातीच्या मधल्या हाडापासून काल चार बोटांवर होतं, आज दोन. दोन्ही तोंडं जुळली की माणूस दगावतो, असं शेजारणीने सांगितलेलं. काका 62 वर्षांचे, मधुमेही. उजव्या बरगडीवर पाणीदार फोडांचा पट्टा, त्यावर गेरूचा लेप, आणि डॉक्टरांकडे जायचं ‘बघू नंतर’.

अशा वेळी ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळं होण्यात अर्थ नसतो. फोड का सरकतात, ते सांगावं लागतं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मणक्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि बहुधा एकाच मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. आधी दोन-तीन दिवस नुसती आग, मग फोड. नवे फोड तीन ते पाच दिवस येत राहतात, पण त्याच पट्ट्यात. उजवीकडचा मज्जातंतू छातीच्या मध्यापाशी संपतो. नागीणही तिथेच थांबते. खाजवल्याने ती पुढे जात नाही, मात्र नखांतले जंतू शिरून पू होतो. दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड उठले, तर थेट रुग्णालय. नाकाच्या शेंड्यावर उठले, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

‘काकू, बोटं नको, तास मोजा,’ मी म्हटलं. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झालेलं बरं. सहसा असायक्लोविर 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मूत्रपिंडं कमजोर असतील तर डॉक्टर डोस कमी करतात. काकांचा तिसरा दिवस होता, आधीचे दोन गेरूत गेले. गेरू वाळून फोडांना चिकटतो, काढताना सालटंही निघतं.

घरात पाच महिन्यांची गरोदर सून आहे, हे काकूंनी निघता निघता सांगितलं. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा होता. फोडांतल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात. कांजिण्या झाल्या होत्या का, सुनेला काही आठवेना, म्हणून तिच्या डॉक्टरांना लगेच फोन आणि प्रतिपिंडांची, म्हणजे कांजिण्यांविरुद्धचं संरक्षण अंगात आहे का याची, रक्ततपासणी. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण सात ते दहा दिवस, पट्टा झाकलेला आणि टॉवेल वेगळा.

नागीण मधल्या हाडापाशी थांबली. खपल्या पडल्या, तरी काकांना सदरा टेकलेला सोसेना. ‘आत राहिली,’ काकू म्हणाल्या. ते मज्जातंतूला झालेल्या इजेचं दुखणं. साध्या पेनकिलरने ते हटत नसेल तर डॉक्टर वेगळी औषधं देतात. त्यांचा डोस हळूहळू वाढवायचा असतो. दोन दिवसांत गुण नाही म्हणून ती सोडायची नसतात.